क्रिएटिनिन नॉर्मल आलं, तरी आईची लघवी तपासायची राहिलीय

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी गेवराई तालुक्यातला, वय ३१, कृषी केंद्रावर कामाला आहे. माझ्या मामाला गेल्या महिन्यात एकदम धाप लागली म्हणून संभाजीनगरला नेलं तर डायरेक्ट डायलिसिसवरच घेतलं, दोन्ही किडन्या गेल्या म्हणे. त्यांना बीपी होतं पण गोळ्या धड घेत नव्हते. तेव्हापासून मला आईची काळजी लागलीय. आई ५६ वर्षांची, वजन ४८ किलो, ९ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी पण आहे पण डोकं दुखलं तरच घेते. मामाचं झाल्यावर तिचं क्रिएटिनिन केलं, १.१ आलं, लॅबवाले म्हणले नॉर्मल आहे, सोनोग्राफी पण नॉर्मल. लघवीला फेस येतो असं ती मागं एकदा बोलली होती. आता परत तपासणीचं नाव काढलं की म्हणते, मला काही दुखंना खुपंना, उगं कशाला दुखणं उकरून काढायलास. वडील ऊसतोडीला जातात, कंबर दुखते म्हणून सीझनभर पेनकिलर चालूच असते. शेजारचे एक जण किडनी साफ करायचा काढा आणून द्यायलेत. तर आईचं खरंच नॉर्मल आहे का, अजून कोणती टेस्ट करावी आणि काढा द्यावा का?

उत्तर:

दादा, काढ्याचं आधी सांगून टाकते, देऊ नका. त्यात काय काय घातलंय हे बऱ्याचदा देणाऱ्यालाही माहीत नसतं, अशा काही औषधांत आणि भस्मांत पारा नि शिसं सापडलेलं आहे आणि ते दोन्ही किडनीला इजा करतात. किडनी साफ करणारं औषध असं काही नसतंच. शेजाऱ्यांनी मायेनंच आणलं असेल, त्यांच्याशी वाद घालू नका, बाटली घ्या आणि बाजूला ठेवून द्या.

आता आईचं. नुसत्या १.१ वरून नॉर्मल म्हणता येत नाही, आणि शुगरच्या पेशंटला जी टेस्ट सगळ्यात आधी करायला पाहिजे ती आईची अजून झालेलीच नाही.

आधी १.१ चं बघू. क्रिएटिनिन तयार होतं आपल्या स्नायूंमधून, रोज थोडं थोडं, आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमी पडली की रक्तात ते साठतं, म्हणून आपण मोजतो. पण ज्याच्या अंगात स्नायू भरपूर त्याच्यात ते जास्त तयार होणार, आणि ४८ किलोच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या अंगात मुळात कमीच तयार होणार, म्हणजे तिची किडनी बऱ्यापैकी कमी झालेली असली तरी आकडा फार वर जातच नाही. लॅबच्या कागदावर बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती पंचविशीतल्या माणसाला आणि तुमच्या आईला बऱ्याच ठिकाणी एकच असते, खरी अडचण ती आहे. म्हणून क्रिएटिनिन, वय आणि बाई का पुरुष एवढ्या तीन गोष्टी घालून एक हिशोब करतात, त्याला ईजीएफआर म्हणतात, किडनी मिनिटाला किती गाळते याचा तो अंदाज असतो. २०२१ साली आलेल्या नव्या सूत्रात मी तुमच्या आईचे आकडे घालून बघितले, १.१ आणि वय ५६, तर ईजीएफआर येतो साधारण ५९. तेच १.१ पंचवीस वर्षांच्या पोराला असतं तर आला असता ९५ च्या आसपास. एकच १.१, एकाची किडनी चांगली आणि दुसरीकडं लक्ष द्यायची वेळ आलेली. ६० च्या खाली गेलं आणि तीन महिन्यांनी परत केलं तरी खालीच राहिलं, तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात.

पण घाबरून जाऊ नका, हे मुद्दाम सांगते कारण मामाचं डोळ्यासमोर ताजं आहे. ५९ म्हणजे किडनी गेली असं अजिबात नाही. डायलिसिसचा विचार साधारण १५ च्या खाली गेल्यावर, आणि तोही पेशंटला त्रास व्हायला लागला की होतो. शिवाय एका रिपोर्टवरून शिक्का मारायचाच नसतो. आदल्या दिवशी मटण खाल्लं, उलट्या-जुलाब झाले, उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालं तरी तेवढ्यापुरतं क्रिएटिनिन वर जातं. म्हणून परत करायचं, आदल्या रात्री मटण-चिकन नको, उपाशीपोटी जायची मात्र गरज नाही, आणि लॅबला सांगायचं की क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर पण लिहून द्या. बऱ्याच लॅबचं सॉफ्टवेअर तो आपोआप काढतं, फक्त कुणी मागत नाही म्हणून छापत नाहीत.

आता राहिलेली टेस्ट. तिचं नाव लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबवाले एसीआर म्हणतात, काही जण मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. तुमच्या सगळ्या पत्रात मला एकाच वाक्यानं थांबवलं, ते म्हणजे लघवीला फेस येतो. फेस प्रत्येकाला कधी ना कधी येतो, जोरात लघवी झाली, पाणी कमी पिलं की येतो, त्याचं काही नाही. पण रोजच येत असेल आणि पाणी ओतलं तरी लवकर जात नसेल तर लघवीतून प्रोटीन चाललंय का ते बघावंच लागतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, चांगली किडनी ते सहसा जाऊ देत नाही. शुगर नि बीपीनं किडनीची गाळणी खराब व्हायला लागली की ते थोडं थोडं झिरपायला लागतं, आणि शुगरवाल्या बऱ्याच पेशंटमधे हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी, काही वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे आजार जिथं पकडायचा ती जागा लघवीत आहे आणि आपण सगळे रक्ताचा रिपोर्ट घेऊन समाधानी होतो.

लघवीची साधी रुटीन केली होती, प्रोटीन निल आलं, असं पुष्कळ जण सांगतात. त्या तपासणीत पट्टी बुडवतात आणि रंग बघतात, थोडं अल्ब्युमिन असेल तर ती पट्टी ते दाखवतच नाही, बरंच जायला लागलं की मग दाखवते. म्हणून रेशोच मागायचा. रेशो कशासाठी, तर आई सकाळपासून दोन तांबे पाणी पिऊन गेली तर लघवी पातळ होणार आणि अल्ब्युमिन कमी दिसणार, म्हणून त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनशी भागून हिशोब लावतात. कागदावर नुसतं अल्ब्युमिन छापून आलं तर लॅबवाल्याला परत विचारा. आकडा ३० मिलिग्रॅम पर ग्रॅमच्या खाली असेल तर चांगलं, ३० ते ३०० म्हणजे किडनीला इजा सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे आता दिरंगाई नको.

सॅम्पल कसं द्यायचं ते आईला नीट समजावून सांगा, बायकांना लाजेपोटी कुणी सांगत नाही आणि मग सॅम्पल चुकीचं जातं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली, लॅबमधून स्वच्छ डबी आदल्या दिवशीच आणून ठेवा, सुरुवातीची थोडी सोडून द्यायची आणि मधली डबीत धरायची. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, किंवा आदल्या दिवशी रानात दिवसभर काम झालं असेल तर चार-आठ दिवस पुढं ढकला, कारण त्यानं आकडा उगीच वाढतो. (वाचणाऱ्या बाकी बायांसाठी सांगते, पाळी चालू असताना पण देऊ नका.) एकदा जास्त आलं तर पुढच्या तीन ते सहा महिन्यांत परत करायचं, तीनपैकी दोनदा जास्त आलं तर मग पक्कं धरायचं.

सोनोग्राफी नॉर्मल आली याचा आनंद आहे, त्यानं एक मोठी शंका मिटते. मामाचा आजार कशामुळं झाला ते त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा, कारण किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा एक आजार घराण्यात चालत येतो, आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता असते. तो सोनोग्राफीत दिसतो, आणि आईची ५६ व्या वर्षी सोनोग्राफी स्वच्छ असेल तर तो तिला नाही असं धरायला हरकत नाही. पण शुगरनं होणारी इजा सोनोग्राफीत दिसत नाही, सुरुवातीला किडनीचा आकार अगदी व्यवस्थित असतो. त्यामुळं सोनोग्राफी नॉर्मल म्हणून लघवी तपासायची नाही, असं करू नका. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं मुतखडा होतो म्हणून ओरड फार, त्यामुळं किडनी म्हणलं की लोकांना खडाच आठवतो, पोटात दुखलं तर किडनी आणि नाही दुखलं तर किडनी बरी. ज्या आजाराबद्दल आपण बोलायलोत तो दुखतच नाही हो.

आणि आईच्या म्हणण्याचं उत्तर पण तेच आहे. मला काही दुखंना खुपंना असं ती म्हणते ते खरंच म्हणते, तिला काहीच होत नसणार. दोन किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, एवढी ताकद असते म्हणून निम्मं काम बंद पडलं तरी माणूस भाकरी थापतो, शेतात जातो, लग्नाला जातो. पायावर सूज, तोंडाची चव जाणं, मळमळ, अंगाला खाज, धाप, हे सगळं फार उशिरा येतं. तुमच्या मामाचं एकदम झालं असं तुम्हाला वाटतंय, पण ते एकदम झालेलं नसावं, आतमधी बरीच वर्षं चालू असणार, फक्त कुणी बघितलं नाही. हिमोग्लोबिनचं पण असंच, आपल्या बायकांना रक्त कमी आहे म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देतात, पण रक्त तयार करायचा सांगावा हाडांना किडनीच धाडते, ती थकली तरी रक्त कमी होतं. आईचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आईला समजावताना मामाची भीती घालू नका, ती अजून हट्टाला पेटेल. तिला म्हणा, दुखणं उकरायला नाही, दुखणं येऊ नये म्हणून एक डबी लघवी द्यायचीय, सुई पण टोचायची नाही. लघवीची टेस्ट आधी करून घ्या, रक्ताची दुसऱ्या दिवशी. माझा अनुभव असा की आई लोक पोरासाठी जात नाहीत पण नातवंडाला कडेवर घेऊन लेक-सून सोबत आली की निघतात, घरात कुणाचं ऐकते ते तुम्हाला माहीत.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, इथं तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी तर गावच्या उपकेंद्रात पण व्हायला पाहिजे, आशाताईंना विचारा. एसीआर तिथं होतं का ते आधी विचारून घ्या, नसेल तर प्रायव्हेट लॅबमधे काहीशे रुपयांत होतं. फुल बॉडी पॅकेज घेऊ नका, त्यात तीस-चाळीस टेस्ट असतात आणि बऱ्याचदा नेमका एसीआर नसतो. कॅम्पमधल्या तपासणीचं पण तसंच, जागतिक किडनी दिनाला मार्चमधे ठिकठिकाणी कॅम्प होतात, त्यात लघवीचा रेशो करणार का ते विचारूनच जा. उलट डायलिसिसचं बघा, आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरवेळी चार-चार तास, सरकारी योजनेत फुकट बसलं तरी गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा रोज बुडणं, हा खर्च वेगळाच. मामांचं ते चालूच आहे तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जाऊन विचारा, खिशातून भरत बसू नका.

टेस्ट करून उपयोग काय, आजार निघाला तर करणार काय, असंही लोक विचारतात, आणि पूर्वी त्याला थोडा अर्थ होता. आता नाही. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल गटातल्या, बीपी तर कमी करतातच पण लघवीतलं अल्ब्युमिनही कमी करतात. आणि गेल्या काही वर्षांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची औषधं किडनीचा ऱ्हास सावकाश करतात हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय. डापाग्लिफ्लोझिन तर २०२० पासून आपल्याकडं बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळं किंमत बरीच खाली आलीय. गेलेली किडनी यानं परत येत नाही, पण ५९ वर असलेलं माणूस बऱ्याचदा वर्षानुवर्षं तिथंच आसपास ठेवता येतं. तेवढ्यासाठीच लवकर कळायला पाहिजे. या गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, ते बघून लोक घाबरून बंद करतात, तसं न करता एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम करून डॉक्टरांना दाखवायचं. उलट्या-जुलाब लागले तर मात्र लगेच फोन करून विचारायचं, काही गोळ्या तेवढे दिवस थांबवाव्या लागतात.

यातली एक गोष्ट मात्र आजच सुरू करा, टेस्टची वाट बघू नका. आईची बीपीची गोळी रोज. डोकं दुखलं तर घ्यायची ती गोळी नाहीच, बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. डबीवर वार लिहून ठेवा, सकाळच्या चहासोबत तुम्ही स्वतः हातात द्या, आणि पंधरा दिवसांनी बीपी मोजून घ्या, शुगर असलेल्या माणसाचं ते १३० बाय ८० च्या खाली असावं असा प्रयत्न करतात. ९ वर्षांत डोळ्यांचा पडदा तपासलाय का? नसेल तर तोही तपासा, डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्या नि किडनीच्या, शुगर दोन्हीकडं सोबतच बिघडवते. मीठ कमी करायचंय, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात भाजीतलं, ठेच्यातलं, लोणच्यातलं, पापडातलं सगळं आलं. वरण-दूध आपल्या मनानं बंद करू नका आणि किडनी धुवायला म्हणून चार-पाच लिटर पाणी पण पाजू नका.

वडिलांचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला त्यांची काळजी आईइतकीच वाटायलीय. ऊसतोडीत दिवाळीनंतर जे निघतात ते पार उन्हाळ्यापर्यंत फडात, पहाटेपासून वाकून काम, पाणी पोटभर नाही, त्यात डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी. अंगात पाणी कमी असताना किडनीला रक्त आधीच कमी मिळतं आणि ही गोळी ते अजून कमी करते. एखाद्या दिवशीची गोळी चांगल्या किडनीला काही करत नाही, पण सीझनभर, दर वर्षी? मध्य अमेरिकेत, निकाराग्वा नि एल साल्वादोरमधे, ऊस तोडणाऱ्या तरण्या मजुरांच्या किडन्या शुगर-बीपी नसताना गेल्यात, त्यात उन्हातली मेहनत हे एक मोठं कारण मानतात. आपल्याकडं आंध्रातल्या उद्दानम भागात पण असाच आजार आहे, त्याचं पक्कं कारण अजून मिळालेलं नाही. २०१२ साली छापून आलेल्या भारताच्या किडनी रजिस्ट्रीत पन्नास हजारांवर पेशंट होते, त्यात सगळ्यात जास्त, ३१ टक्के, शुगरनं झालेले, आणि जवळपास १६ टक्के लोकांचं कारणच सापडलं नव्हतं. वडिलांना शुगर नसली तरी ते सुटले असं धरू नका. फडावर जायच्या आधी एकदा आणि आल्यावर पाणी पिऊन चार-आठ दिवस आराम झाला की एकदा, त्यांचं क्रिएटिनिन, एसीआर नि बीपी करा. कंबरेला पॅरासिटामॉल, शेक, पट्टा, आणि नुसती गोळी आणून न देता एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवणं. मुकादमाला सांगून फडावर पाण्याचा जार सावलीत ठेवता आला तर बघा, निदान त्यांच्या कोयत्यापुरता, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीपुरता.

तुमचं वय ३१ आहे, तरी घरात शुगर, मामाला बीपी, म्हणून तुमचंही बीपी, शुगर आणि एकदा एसीआर होऊन जाऊ द्या, आईसोबतच दिलं तर तिलाही एकटीला चाललोय असं वाटणार नाही.

रिपोर्ट आले की मला परत लिहा. आईचा ईजीएफआर, एसीआर, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, बीपी, आणि चालू गोळ्यांची नावं स्ट्रिपवर वाचून जशीच्या तशी, तारखेसकट. एसीआर ३०० च्या वर आला किंवा ईजीएफआर परत केल्यावर ४५ च्या खाली दिसला तर माझ्या उत्तराची वाट न बघता सरळ किडनीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, जाताना जुने सगळे कागद सोबत न्या, २०१५-१६ सालचे सापडले तरी न्या, क्रिएटिनिन कधीपासून वाढायलंय ते त्यावरूनच कळतं.